परवा म्हणजे नक्की कधी

वंदनाने टीव्हीचा प्लग भिंतीतून काढला, दहापर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा लावला. पडदा उजळला आणि त्याने रोजचा प्रश्न विचारला: ‘कोण बघतंय?’ खाली तीन चौकोन होते. हेमंत, वंदना, हर्षद. ती हर्षदच्या चौकोनावर गेली आणि तिने बटण दाबलं.

काल दुपारी तिने चौथ्या पर्वाचा सहावा भाग सतराव्या मिनिटाला सोडला होता. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून ती उठली, तेव्हा यानाचा कप्तान एका बंद दारापाशी उभा होता आणि दार उघडायचं बाकी होतं. आज मालिका उघडली ती आठव्या भागाच्या शेवटाशी. चित्राखालची लाल रेघ टोकाला टेकलेली. मधले दोन भाग कुणीतरी बघून टाकले होते.

संध्याकाळी हेमंत ऑफिसातून आला, तेव्हा तो बूट काढत असतानाच तिने विचारलं.

“तू काल माझी मालिका पुढे नेलीस का?”

“कुठली?”

“नॉर्थ ऑफ व्हेगा.”

“मला त्या लोकांच्या कपाळावरचे उंचवटे बघवत नाहीत. मी कशाला नेऊ?” त्याने मोजे बुटात कोंबले. “एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, वंदना. तू बंद करायची विसरली असशील.”

वंदना काही बंद करायची विसरत नसे. नारायणगुड्यातल्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती एकवीस वर्षं रक्ताचे नमुने घेत होती. सकाळी सहा ते दुपारी एक. बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ, आणि वेळ म्हणजे मिनिटासकट. नवीन आलेल्या मुली ‘सकाळी’ असं लिहून मोकळ्या होत, त्यांना ती बाटली परत देई. सकाळ केवढी मोठी असते, असं म्हणे.

दोघंही मूळचे पुण्याचे. हेमंतच्या नोकरीपायी सव्वीस वर्षांपूर्वी हैदराबादला आले आणि दोनाची चार वर्षं म्हणता म्हणता इथलेच झाले. वंदनाला इथलं सगळं मानवलं, उन्हाळासुद्धा. फक्त एक शब्द मानवला नाही. लॅबमध्ये माणूस येई, ताप कधीपासून, विचारलं की म्हणे, “परसों से.” ती परवाची तारीख लिही. मग बोलता बोलता कळे की ताप रमजानच्या आधीचा आहे. या शहरात ‘परसों’ म्हणजे काल सोडून मागचं सगळं. महिना झाला असेल, दहा वर्षंही झाली असतील. इथल्या जुन्या मराठी घरांतही तीच रीत; त्यांचं ‘परवा’ तसंच ऐसपैस. एक बाई तिला म्हणाली होती, माझ्या सासूबाई परवाच गेल्या. वंदना हळहळली, घरी भेटायला म्हणून गेली, तर भिंतीवरच्या फोटोतल्या सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झालेली. तेव्हापासून कुणीही परवा म्हटलं की तिचा प्रश्न तयार असे: परवा म्हणजे नक्की कधी?

हर्षद तर याच शहरात जन्मलेला. त्याच्या तोंडात ‘हौ’ आणि ‘नक्को’ होतं आणि हे परवाही होतं. “आई, ते तर परवाच झालं न,” असं म्हणायचा आणि तिचं तोंड उघडायच्या आत स्वतःच पुढे म्हणायचा, “नक्की कधी ते मला माहीत नाही.” मग दोघं हसत.

गेल्या जूनमध्ये, ऑफिसातून घरी येताना, उड्डाणपुलावर मागून एका गाडीने त्याच्या मोटारसायकलला उडवलं. तेवीस वर्षांचा होता.

त्या संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तिने त्याला मेसेज केला होता, कुठे आहेस. त्याचं उत्तर आलं, ‘स्टिल अरायव्हिंग’, अजून येतोय. हे त्याचं नेहमीचं. ती त्यावर नेहमी चिडायची. ऑन द वे म्हणावं माणसाने, अरायव्हिंग काय, तू काय सिकंदराबादच्या प्लॅटफॉर्मवरची गाडी आहेस? त्या दिवशी चिडली नाही. तिने फक्त विचारलं, ‘नक्की किती वाजता?’ मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्याच नाहीत. आजही तो मेसेज तिथे तसाच आहे, शेवटचा, प्रश्नचिन्हासकट.

मालिका ती बघायला लागली ती खरं तर पुसायला जाऊन. हेमंत म्हणाला, ते त्याचं प्रोफाइल काढून टाकू, दर वेळी ते नाव समोर येतं. ती म्हणाली, मी काढते. काढायला गेली तर आत ही एकच मालिका होती. अठरा वर्षं चाललेली, चौदा पर्वांची. हर्षदने ती दोनदा पुरी बघितली होती आणि तिसऱ्यांदा बघत होता. एवढं काय आहे त्यात, म्हणून तिने पहिला भाग लावला.

पहिल्यांदा हसूच आलं. रेनकोट घातलेली पाच माणसं एका यानात बसून व्हेगा नावाच्या ताऱ्याच्या उत्तरेला निघालेली. व्हेगा म्हणजे आपला अभिजित, हे तिला फोनवर सापडलं आणि उगीचच बरं वाटलं. तिसऱ्या भागापर्यंत तिने यानाच्या वैद्यबाईला नावं ठेवली, कारण ती बाई हातमोजे न घालता रक्त घेई. पाचव्या भागात त्याच वैद्यबाईसाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लॅबमधून आली, जेवली की ती पडदे ओढून बसे. दुपारचं लख्ख ऊन, खाली कूलरवाल्याच्या दुकानातली ठोकाठोक, आणि आत तो निळसर अंधार. पर्वामागून पर्व. मालिकेच्या सुरुवातीची धून रक्त घेताना गुणगुणायची सवय लागली. सहाव्या पर्वात कप्तानाचा नट बदलला तेव्हा ती दोन दिवस धुमसत होती, आणि हेमंतने काय झालं विचारल्यावर तिला सांगायची लाज वाटली.

पण तिला धरून ठेवलं ते दुसऱ्या पर्वाच्या अकराव्या भागाने. यानातला सर्वांत तरुण माणूस, इलान नावाचा, दुरुस्तीसाठी बाहेर जातो आणि परत येत नाही. दोरी तुटते. यान इतक्या वेगात असतं की वळता येत नाही. मागे राहिलेला इलान बोलत राहतो, पण त्याचा आवाज हळू प्रवास करतो आणि यान पळत असतं, म्हणून त्याचे निरोप यायला आठवडे लागतात, मग महिने, मग वर्षं. तो केव्हाच गेलेला असतो आणि निरोप येतच असतात. जेवणाच्या टेबलावर त्याची खुर्ची कुणी हलवत नाही. कप्तान दर वेळी विचारतो, “इलान, कुठे आहेस?” आणि दर वेळी, एकतिसाव्या मिनिटाला असो की पाच वर्षांनी, तोच कोवळा आवाज उत्तर देतो, “स्टिल अरायव्हिंग.”

वंदनाने टीव्ही थांबवला. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि नळाच्या आवाजात मनसोक्त रडली. पोरगं तिला काहीतरी सांगत होतं इतकी वर्षं, आणि ती त्याचं इंग्रजी दुरुस्त करत बसली होती.

रेघ हलायला लागली ती त्यानंतर. प्लग काढून ठेवूनही हलली. मग वंदनाने लॅबमधली एक कोरी वही आणली आणि नमुन्यांसारख्या नोंदी सुरू केल्या. सोडलं: पर्व पाच, भाग नऊ, मिनिट बावीस, दुपारी चार दहा. सापडलं: पर्व पाच, भाग अकरा, मिनिट तीन. कधी एक भाग पुढे, कधी तीन. कधी आठवडाभर काही नाही आणि ती कासावीस होई.

सातव्या पर्वात एक दिवस तिने मुद्दाम केलं. कप्तान जुन्या रेडिओपाशी वाकून विचारतो, “इलान, कुठे आहेस?” आणि उत्तर यायच्या आत तिने तिथेच थांबवलं. मिनिट चाळीस. टीव्ही बंद केला. प्लग काढला. स्वतःलाच ओरडली की बाई, तू विज्ञान शिकलेली आहेस.

दुसऱ्या दिवशी मालिका सातव्या पर्वात नव्हतीच. ती उघडली दुसऱ्या पर्वात, अकराव्या भागात, एकतिसाव्या मिनिटाला. तिने बटण दाबलं तर पहिलाच आवाज आला तो त्या पोराचा.

एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, हे ठीक. आपोआप कुणी पाच पर्वं मागे जात नाही. भीती वाटली, हे खरं. पण भीतीच्या खाली आनंद होता, आणि तो इतका मोठा होता की तिला तो कुणाला दिसेल म्हणून धास्ती वाटली.

त्यानंतर दोन महिने तिने कुणाला काही सांगितलं नाही. ती प्रश्नावर थांबवे, कधी दोन दिवसांनी, कधी चार दिवसांनी रेघ एखाद्या उत्तरावर सापडे. एकदा तिने वैद्यबाई रुग्णाला “दुखतंय का?” विचारते तिथे सोडलं. सापडलं ते रिकाम्या खुर्चीवर ऊन पडतं त्या दृश्यात, जिथे कुणीच काही बोलत नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. एकदा तिला नुसता एक माणूस हसताना सापडला आणि ती लॅबमध्ये दिवसभर इतकी मऊ वागली की मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

हेमंतला कळलं ते मे महिन्यात, एका बुधवारी संध्याकाळी. नवीन फोनवर खातं उघडताना त्याने कुठल्या कुठल्या उपकरणांवर ते चालू आहे याची यादी काढली. यादीत फक्त नावं आणि गावं होती, तारखा नव्हत्या. टीव्ही, त्याचा फोन, वंदनाचा फोन. आणि चौथं नाव.

“वंदना, इकडे ये जरा.” त्याचा आवाज हळू झाला होता. “‘राणीचा टॅब’. सिकंदराबाद. ही राणी कोण?”

तिला आठवत होती. हर्षदच्या ऑफिसातली. तेराव्याला आली होती, चपला हातात धरून दारातच उभी राहिली होती आणि कुणी बस म्हणायच्या आत निघून गेली होती.

“हर्षदने तिला पासवर्ड दिला असेल,” हेमंत म्हणाला. “म्हणजे तुझी मालिका पुढे जायची ती हिच्यामुळे. उगाच तू...” त्याने वाक्य सोडून दिलं. त्याला वहीबद्दल ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. “काढू हे?”

“मी आधी बोलते तिच्याशी.”

खरं म्हणजे तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला लुबाडल्यासारखं वाटलं. दोन महिने जो तिला उत्तरं देत होता त्याच्या जागी कुणी परकी मुलगी बसवली होती, आणि बसवणाऱ्याचा काही दोषही नव्हता. गुरुवारी आणि शुक्रवारी तिने टीव्ही लावला नाही. शनिवारी लॅब सुटल्यावर, हर्षदच्या ऑफिसातून मिळवलेला पत्ता घेऊन, ती घरी न जाता तशीच सिकंदराबादला गेली.

राणीचे वडील प्रतापराव रेल्वेत. घराणं उदगीरकडचं, निजामाच्या काळापासून हैदराबादेतलं. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये तळमजल्यावर दोन खोल्या, दारात कुंडीतली तुळस, आत कूलरचा वाळा भिजल्याचा वास. राणीने तिला बघितलं आणि ती दारातून बाजूला सरकली.

“काकू, या न. बसा. बाबा ड्यूटीवर हैत. ठंडं पाणी देऊ?”

तिने पाणी आणलं. वंदनाने ते सगळं पिऊन टाकलं आणि पेला खाली ठेवला.

“राणी, हर्षदच्या नावावर ती मालिका तू बघतेस का?”

राणीने मान खाली घातली. “हौ. त्यानंच लावून दिली होती माझ्या टॅबवर. म्हणायचा, तू बघ, मग आपण बोलू. मी पहिले नक्को म्हणले. ते कपाळाचे लोक...” ती किंचित हसली आणि लगेच थांबली. “नंतर तो गेला, तर मग बघायला लागले. तुम्हाला तकलीफ झाली असंल तर माफ करा, काकू. मला वाटलं तुमच्या घरी ते कुणी उघडत नसंल.”

“घरी कुणीतरी उघडतंय, हे कळलं नाही तुला?”

“तेच न, काकू.” राणी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. “ती लाल रेघ हलायची. मी एका जागी सोडावं, दुसऱ्या दिवशी तिसरीकडंच. मी म्हणले, त्याच्या घरचे तर बघणार नाहीत. आईला आवडत नाही, असं तोच म्हणायचा. मग कोन हलवायलं?” तिचा आवाज बारीक झाला. “मला वाटलं...”

पुढचं सांगायची गरज नव्हती. वंदना त्या मुलीकडे बघत राहिली. तिकडे घरी एक बाई पडदे ओढून बसली होती आणि इथे ही पोर बसली होती, आणि दोघींना एकच वाटलं होतं. ती उठून राणीजवळ जाऊन बसली आणि तिने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“पहिले चांगलं वाटलं, काकू. मग भ्याव वाटायलं. झोप लागंना. बाबा म्हणले, पोरी, हे बरं नाही.” तिने नाक पुसलं. “म्हणून परवा बंदच करून टाकलं मी. तेव्हापासून टॅबला हातच लावला नाही. बघा, तिथं वर ठेवलाय.”

लोखंडी कपाटावर, सूटकेसच्या शेजारी, टॅब आडवा ठेवलेला होता. त्याच्या काळ्या कव्हरवर धूळ होती.

वंदनाच्या जिभेवर प्रश्न आला. इतक्या वर्षांची सवय, तो आपसूकच आला. परवा म्हणजे नक्की कधी? गुरुवारी? तसं असेल तर सगळं सरळ होतं. दोन बायका एकमेकींना निरोप धाडत होत्या आणि दोघींनाही पत्ता नव्हता. पण ही मुलगी उदगीरकडची, निजामापासून हैदराबादेतली. हिचं परवा फेब्रुवारीतलंही असू शकत होतं. सातव्या पर्वाच्या आधीचं, रेघ एकतिसाव्या मिनिटाला मागे गेली त्याच्या आधीचं. एक शब्द विचारला असता तर कळलं असतं. कुठल्या भागावर थांबलीस, एवढं विचारलं तरी पुरलं असतं.

तिने कपाटावरच्या धुळीकडे बघितलं. नमुना बघायची तिची नजर तयार होती. पण मे महिन्यातली हैदराबादची धूळ. दोन दिवसांची असते तशी दिसते, तीन महिन्यांचीही तशीच दिसते. बोट फिरवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

तिला तो मेसेज आठवला, ज्याच्या खुणा निळ्या झाल्या नव्हत्या.

“काकू, काय झालं?” राणीने विचारलं.

“काही नाही,” वंदना म्हणाली. “बरं केलंस. तुला भीती वाटत होती ना, मग बरं केलंस.” आणि पुढे म्हणाली, “ये घरी कधीतरी. जेवायला ये. इलानचं काय होतं ते मी सांगीन तुला. मी दहाव्या पर्वात आहे.”

“येते न, काकू. पक्का.”

कधी येतेस, ते वंदनाने विचारलं नाही.

घरी पोचली तेव्हा साडेपाच झाले होते. हेमंत शनिवारचा घरीच होता. त्याने चहा करून ठेवला होता आणि तो झाकणाखाली निवत होता.

“भेटली?”

“भेटली. गोड मुलगी आहे.”

“तीच बघत होती ना?”

“हो.”

“कधीपर्यंत?”

“परवापर्यंत.”

“परवा म्हणजे गुरुवारी?”

वंदनाने चहाचा घोट घेतला. “परवा म्हणजे परवा,” ती म्हणाली.

हेमंतने मान वर करून तिच्याकडे बघितलं. तीस वर्षांत त्याने हिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, “आणि ते प्रोफाइल?”

“राहू दे.”

ती उठली, तिने पडदे ओढले आणि टीव्हीचा प्लग लावला. तिची वही टीपॉयवर होती. बुधवारची नोंद शेवटची: सोडलं, पर्व दहा, भाग चार, मिनिट नऊ. तिने वही उघडली नाही, पेनही घेतलं नाही. कोण बघतंय, पडद्याने विचारलं. ती हर्षदच्या चौकोनावर गेली आणि तिने बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि मधोमध ते लहान गोल चक्र फिरायला लागलं.

फिरतच राहिलं. हेमंत येऊन तिच्या शेजारी बसला.

“लागत नाहीये का गं?”

“लागेल,” वंदना म्हणाली. तिने रिमोट मांडीवर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने बघितलं नाही. “येतंय अजून.”